राखलेली विहीर

खडू ओला झाला की लगेच गडद होत नाही. पोलादी फीत पाण्यातून वर काढली की पहिली दोन-तीन सेकंदं तिच्यावरच्या खडूचा ओला आणि कोरडा भाग सारखाच पांढुरका दिसतो. मग खालचा भाग करडा होत जातो आणि दोन्हींच्या मध्ये एक रेघ उमटते. रेघ सरळ नसते. तिला बारीक दात असतात, कारण खडू स्वतःही थोडं पाणी वर ओढून घेतो. उन्हाळ्यात ती मिनिटभरात फिकट व्हायला लागते, म्हणून आकडा त्या एका मिनिटात वाचायचा, मोठ्यानं म्हणायचा आणि मग लिहायचा. विहिरीच्या काठावर तांबड्या रंगाची खूण असते, तिथं फितीवरचा पुऱ्या मीटरचा आकडा धरायचा, त्यातून ओली लांबी वजा करायची, की जमिनीपासून पाणी किती खोल आहे ते कळतं. निदान त्या क्षणी किती खोल आहे, ते कळतं. बाकीचं आपण गृहीत धरलेलं असतं.

सोमवारी बीडच्या भूजल कचेरीत माझ्या टेबलावर दोन कागद एकाखाली एक आले. वरचा पुण्याच्या एका परिभाषा समितीचा होता. जमिनीखालच्या ज्या खडकात पाणी साठतं आणि ज्यातून ते विहिरीला मिळतं, त्याला आम्ही ॲक्विफर म्हणतो. त्याला मराठीत जलधर, जलधारक स्तर आणि जलभृत यांपैकी कोणता शब्द घ्यावा, असं विचारलं होतं. खालचा कागद टंचाईच्या बैठकीतला. ‘टँकर भरण्याची ठिकाणे’ असं शीर्षक, आणि पहिल्याच ओळीत काटेजवळ्याची सार्वजनिक विहीर. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: चौदा वर्षांच्या नोंदींनुसार मे महिन्यातही पाणी साडेचार मीटरवर, रोज सहा टँकर शक्य. गुरुवारी समक्ष पाहणी. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली होती. खिडकीबाहेर शिकवणी वर्गाच्या मुली रसवंतीच्या पिंपाशी बाटल्या घेऊन उभ्या होत्या आणि रसवंतीवाला त्यांना रोजच्यासारखा हाकलत होता. मी खालचा कागद वर घेतला, परत खाली ठेवला, आणि शब्दाचं काम हाती घेतलं. दमलेलं माणूस सोपं काम आधी घेतं. मी बरेच दिवस दमलेली आहे.

ॲक्विफरमधला अक्वा म्हणजे पाणी, आणि दुसरा तुकडा फेर्रे या लॅटिन क्रियापदाचा. वाहून नेणं, सोसणं, फळ धरणं असे त्याचे अर्थ. हे मला भूशास्त्राच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. दादांच्या वहीत होतं. दादा म्हणजे माझे वडील, कचरू. औरंगाबादला पाली शिकून आले आणि बीडच्या एका शाळेत तीस वर्षं पाली आणि इंग्रजी शिकवत राहिले. तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू शिवून त्यांनी वही केली होती, आणि तिच्यात एका पानावर एक असे धातू लिहिले होते. ‘भृ’चं पान बोटं लागून मऊ झालेलं आहे. संस्कृत भरति, पाली भरति, ग्रीक फेरो, लॅटिनही फेरो, फारसी बुर्दन, इंग्रजी बेअर. इंग्रजांकडं हे ओझं मूल जन्माला घालण्यापर्यंत गेलं. फारसीतून ते ‘बार’ होऊन निजामाच्या राज्यात आमच्याकडं उतरलं. मोंढ्यात अजून बारदान म्हणतात, ते ओझं ठेवायचं पोतंच. संस्कृतात त्याच धातूचा नवरा झाला, भर्ता, आणि बायको झाली, भार्या, म्हणजे जिला पोसावं लागतं ती. मराठीत मात्र तो वाहता वाहता भरण्यावर येऊन थांबला. घागर भरायची, पोट भरायचं, कुणाची ओटी भरायची. वाहून आणल्याशिवाय काही भरत नाही, हे ज्यांनी वाहिलं त्यांच्याच बोलण्यात उरलं असावं, असं दादांनी समासात लिहिलं आहे. पानाच्या तळाशी आणखी दोन ओळी आहेत. ‘माझ्या आज्यानं हा धातू तहसीलदाराच्या घोड्यापुढं पळत डोक्यावर गिरवला. मी कागदावर गिरवतो आहे. सिंधूनं कुठं गिरवावा?’ सिंधू म्हणजे मी. प्रश्नचिन्हावर शाई पसरली आहे.

समितीला मी त्याच दिवशी उत्तर पाठवलं. जलभृत. जलधर म्हणजे ढग, तो आकाशातला. आणि जलभृतमध्ये लॅटिनमधलाच धातू आपल्या रूपात बसलेला आहे, तेव्हा तोच ठेवावा. चार ओळींचं पत्र होतं, आणि बऱ्याच दिवसांनी मला एखाद्या कागदावर सही करताना काही वाटलं नाही. दुसरा कागद तीन दिवस पिशवीत राहिला. आजही पिशवीत आहे.

आज गुरुवार. आश्रुबानं सकाळी सातलाच जीप काढली. तो आमच्या कचेरीचा चालक, आणि विहिरीवर फीत सोडणारा माणूसही तोच. पाहणीला येणारे उपजिल्हाधिकारी मागच्या गाडीत होते. गेवराई मागं पडली. रस्त्याच्या कडेला मोसंबीच्या बागा वाळून गेलेल्या, झाडांना पानं नाहीत पण खोडांना चुना लावलेला, ओळी अगदी सरळ.

“म्याडम, तुमी गप बसल्या की मला गाडीचा आवाज मोठा लागतोय. कायतरी बिघडलंय असं वाटतंय.”

“काही बिघडलं नाही.”

“मंग बोला की. मागले सायब तर झोपंत बी बोलायचे. नुसत्या शिव्या द्यायचे, पण बोलायचे.”

मी हसले. त्याला तेवढं पुरलं. खडूचं डबडं माझ्या मांडीवर होतं आणि रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला त्यातला खडू वाजत होता.

काटेजवळ्याला मी पहिल्यांदा गेले ती एकोणनव्वदच्या मे महिन्यात. नोकरीचं पहिलं वर्ष. विहीर अरुंद, जेमतेम दहा फूट रुंद, आणि खोल. आत डोकावले तर तळाशी बशीएवढं काहीतरी चमकत होतं. फितीनं आकडा दिला, दहा मीटर वीस. मी बराच वेळ उन्हात होते. काठावर एक बाई उभी होती, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, तिच्याकडं मी प्यायला पाणी मागितलं. ती भिवराबाई. तिनं घरातून तांब्या आणला, आत पाहिलं आणि माझ्या हातात दिला नाही. “गढूळ हाय बाई. तुमाला कसं द्यावं?” तांब्या पदराआड धरून ती तशीच उभी राहिली. मी ‘राहू द्या’ म्हणाले आणि जीपमध्ये बसले. एवढंच झालं. पावसाळ्यानंतर गेले तेव्हा पाणी अडीच मीटरवर होतं, त्यात नवल नव्हतं. पुढच्या मे महिन्यात साडेचार. त्याच्या पुढच्या मे महिन्यातही साडेचार. आसपासच्या गावांच्या विहिरी मार्चलाच तळ दाखवत होत्या आणि ही एक शांत होती. मी नाल्याच्या काठचे खडक फोडून तुकडे गोळा केले, बारीक पोकळ्या असलेल्या खडकाचा जाड थर या गावाखाली असला पाहिजे असं अनुमान काढलं, त्यावर निबंध लिहिला आणि नागपूरला जाऊन वाचला. आलेखावरचे सगळे बिंदू एका मऊ लाटेत बसत होते, पहिला सोडून. त्याच्याभोवती मी पेन्सिलीनं गोल केला आणि शेजारी लिहिलं: नवखेपणाची चूक, वगळावा.

गेल्या मे महिन्यात आश्रुबाच्या मुलीचं लग्न माझ्या ठरलेल्या तारखेवर आलं म्हणून आम्ही दोन दिवस आधीच काटेजवळ्याला गेलो. विहिरीवर रहाट चालू होते, बायकांची गर्दी होती. जीप पाहून बोलणी थांबली. भिवराबाई गर्दीतून पुढं आली, हातातला दोर तसाच ओढत.

“बाई, आज कशा आल्या तुमी? तुमचा दिस परवा हाय न्हवं?”

“परवा जमणार नाही. का, काय झालं?”

तिनं कपाळावर हात मारला. “आता गं माय! अजून राखली न्हाई आमी.”

“काय राखलं नाही?”

“हीर.”

मग ती काठावर टेकली आणि घरातली रीत पाहुण्याला सांगावी तसं तिनं सगळं सांगितलं. बाई येणार त्याच्या आधी दोन दिवस गावातली एकही घागर विहिरीत उतरत नाही. बायका दीड कोसावरच्या नदीत जातात, वाळूत झिरा उकरतात, वाटीनं पाणी भरतात. तोवर विहीर निवांत चढत राहते. मळ्यात कुणी नवी सून आली, तिला एकदा बजावलं की पुरतं. चुकून कुणी पोहरा सोडलाच तर तिच्याशी आठ दिवस कुणी बोलत नाही.

“पहिल्या खेपंला तुमी तान्हेल्या गेल्या. माज्या जिवाला लागलं ते. घरी येणाऱ्या बाईमाणसाम्होरं रिकामी घागर न्हेत न्हाईत, अन् आमी तर आख्खी हीर रिकामी दावली. मंग आमी बायांनी ठरिवलं.”

“गड्यांना माहीत आहे का हे?”

“त्यांना कावून सांगायचं? पानी त्यांनी कधी आनलंय का?” मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

आश्रुबानं फीत सोडली होती. दहा मीटर पस्तीस. रेघ स्पष्ट होती, दातांसकट. मी आकडा मोठ्यानं म्हटला नाही. तो म्हणाला, “किती म्याडम?” मी म्हणाले, फीत वाकडी गेली, परवा मी एकटी येऊन मोजते. दोन दिवसांनी तो मुलीच्या लग्नात असताना मी एसटीनं चकलांब्यापर्यंत गेले, तिथून चालत काटेजवळ्याला. चार मीटर चाळीस. हा आकडा मी वहीत लिहिला. माझं अक्षर नेहमीसारखंच आलं होतं. ते मला अजून आठवतं.

निबंधासाठी गप्प राहिले असं कुणी म्हणालं तर मला ते खोडता येणार नाही. निबंध होता, त्याच्यामुळं मिळालेली बढती होती. पण त्या दोन दिवसांत मला वेगळंच दिसत राहिलं होतं. आमच्या गावी विहिरीला पायऱ्या होत्या, आणि आई शेवटच्या पायरीखाली, दगडांवर, घागर जमिनीवर ठेवून उभी राहायची. वरून कुणीतरी ओतायचं. धर्म छप्पन्न साली बदलला होता, ती जागा मी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत बदललेली नव्हती. “पानी वाढा ओ माय,” आई म्हणायची, एकदाच, आणि मग गप्प. मी तिच्या शेजारी, दगड तापलेले असायचे म्हणून एकदा हा पाय एकदा तो पाय उचलत, वर किती घागरी भरून जातात ते मोजायची. मोजणं मी तिथं शिकले. एकदा सत्तावीस झाल्या. आणि इथं एका गावानं माझ्यासाठी विहीर राखली होती. माझं आडनाव ठाऊक असताना. आश्रुबा पहिल्याच वर्षी ते सगळ्यांना सांगून बसला होता, तो काही पोटात ठेवत नाही. जिच्या आईला एका घागरीसाठी ताटकळावं लागलं, तिच्यासाठी सगळं गाव दोन दिवस तहान धरून होतं. ते ‘चूक, वगळावी’ असं मला लिहवेना.

त्याच फेर्रेला एक उपसर्ग लावून लॅटिन लोकांनी लांबणीवर टाकण्याचा शब्द केला आहे. शब्दशः अर्थ, दूर वाहून नेणं. पावसाळ्यानंतरच्या खेपेला, जानेवारीत, मार्चमध्ये मी ती गोष्ट उचलली आणि पुढच्या खेपेपर्यंत वाहून नेली. मार्चमध्ये भिवराबाईला एवढंच म्हणाले, “पुढच्या वेळी राखू नका.” ती म्हणाली, “मंग तुमाला दावावं काय?” आणि हसली. तिला जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही. दोन उन्हाळे गावानं टँकर मागितला होता, आणि दोन्ही वेळा माझ्या आलेखाकडं बोट दाखवून अर्ज परत पाठवला गेला होता. त्या दर खेपेला दोन दिवस राखायच्या, वर्षाच्या चार खेपांचे सगळे मिळून आठ, आणि त्या आठ दिवसांची किंमत उरलेल्या उन्हाळ्यात स्वतःच चुकवत होत्या. निबंधात मी ज्याला पाणी वाहणारा थर म्हटलं होतं, तो नदीच्या वाळूत वाटी घेऊन ओणवा बसलेला होता.

दादांच्या त्या पानावर एक गोष्ट चौकटीत आहे. फेर्रेला स्वतःचा भूतकाळ नाही. ‘मी वाहतो’ला फेरो, पण ‘मी वाहिलं’ म्हणायचं तर तुली, आणि तो दुसराच धातू, आपल्या तुळेचा, तोलण्याचा. चौकटीखाली दादांचा शेरा: खाली ठेवल्यावरच वजन कळतं. लहानपणी मला तो शेरा व्याकरणाचा वाटायचा.

“आलं म्याडम,” आश्रुबा म्हणाला.

विहिरीजवळ मांडव घातला होता. अर्जुनराव पुढं आले. गावातल्या फळबाग सहकारी संस्थेचे अध्यक्ष, स्वच्छ पांढरे कपडे, डोळ्यांखाली जाग्रणाची सूज. बागा वाळल्या तरी संस्थेचं इंजीन आणि पाइप शाबूत होते, आणि आज तेच विहिरीच्या तोंडाशी मांडलेले. पलीकडं रिकामा टँकर उभा होता, त्याच्या तोट्यांना फुलांचा हार.

“या म्याडम, या! तुमच्या त्या आलेखाची आमी फ्रेम केलीय बरं का. संस्थेच्या हापिसात लावलीय.” मग ते साहेबांकडं वळले. “सायब, बागा गेल्या, जाऊ द्या. पण माज्या गावचं पानी सहा गावं पेनार हायेत. या दुष्काळात देनारं गाव म्हनून नाव निघंल. मागणाऱ्यात आता आमी न्हाई.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना हे देता येणार होतं, असं त्यांना माझ्याच आकड्यांनी सांगितलं होतं. इंजिनाच्या चाकाला दोरी गुंडाळून एक माणूस तयार उभा होता.

बायका लिंबाखाली होत्या. पायांच्या भेगांत ओली वाळू वाळून पांढरी झालेली, सगळ्यांच्याच. भिवराबाई आता वाकली आहे. तिनं मला हात केला. तिच्या शेजारी तिची सून सत्यभामा, मान चोळत बसलेली.

“तीन दिस राखली औंदा,” भिवराबाई हळूच म्हणाली. “मोठे सायब येनार म्हनून.”

“आमच्या आत्याबाईनं हिरीला बी उपास धराया लावला,” सत्यभामा म्हणाली, “अन् आमाला बी.”

“गप गं. पाहुन्याम्होरं बोलायची रीत हाय का?”

“बोलत न्हाई. मान मोडली, तेवढं सांगते.”

आश्रुबानं फितीला खडू लावला आणि ती आत सोडली. पोलाद पाण्याला लागल्याचा आवाज आला, फार खालून नाही. पाण्याचा वास वर आला, थंड, शेवाळाचा. मी खुणेवर मीटर धरला. फीत वर आली. आधी सगळं पांढुरकं, मग रेघ. तीन मीटर नव्वद. चौदा वर्षांतल्या कुठल्याही मे महिन्यापेक्षा वर.

“किती, मॅडम?” साहेबांनी विचारलं.

“सांगा म्याडम, मोठ्यानं सांगा,” अर्जुनराव म्हणाले. “समद्यांना आयकू जाऊ द्या.”

मी रेघेकडं पाहत होते. वरचे दात आधी जातात. मनात एक वजाबाकी चालली होती, तिच्यात काही अवघड नव्हतं. दहा फूट रुंद विहीर, तळ साडेअकरा मीटरवर, तेव्हा साडेसात मीटर पाणी, म्हणजे पाच टँकर. आज संध्याकाळपर्यंत हार घातलेला टँकर पाच वेळा भरेल आणि उद्या सकाळी सत्यभामाचा पोहरा खडकावर वाजेल. गावाला टँकर येणार नाही, कारण हे देणारं गाव. आणि तीन दिवसांनी कुणीतरी विचारेल की पाणी होतं ते गेलं कुठं, आणि बायका एकमेकींकडं पाहतील. कुणीतरी भिवराबाईला लबाड म्हणेल. ते मला आत्ताच ऐकू येत होतं.

माझ्या कोपराला काहीतरी गार लागलं. भिवराबाई गर्दीतून आली होती. तिच्या हातात पितळी तांब्या, घासून लख्ख केलेला, वर फुलपात्र पालथं.

“तुमची फीत वर आली तवा पहिला पोहरा काढला. घ्या बाई. आज निवळ हाय.”

फीत मी आश्रुबाच्या हातात दिली. तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, फुलपात्रात न ओतता वरून प्यायले. पाणी गोड होतं, दातांना लागण्याइतकं गार. ती माझ्या गळ्याकडं पाहत होती, घोट खाली जातो का ते बघावं तशी. मी तळापर्यंत प्यायले. तांब्या तिला परत देताना तिच्या बोटांना माझी बोटं लागली. तिच्या नखांत वाळू होती.

“म्याडम, रेघ गेली की,” आश्रुबा म्हणाला. “परत सोडू का?”

“नको.”

“मॅडम?” साहेब म्हणाले.

मी साहेबांकडं वळले.

“साहेब, इंजीन सुरू करू देऊ नका. या विहिरीत पाच टँकर पाणी आहे, आणि ते या बायकांनी तीन दिवस नदीवर जाऊन राखलेलं आहे, मी येणार म्हणून. दर वेळी राखतात. त्यांनी कुणाला फसवलेलं नाही, पाहुणचार केला. मोजताना हे विचारायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. आणि एक वर्ष झालं, मला हे माहीत आहे.” अर्जुनराव काहीतरी म्हणाले, मला ते ऐकू आलं नाही. मी भिवराबाईकडं पाहत होते. ती रिकामा तांब्या पोटाशी धरून उभी होती, पहिल्या दिवसासारखी, पण पदराआड नाही. “माझ्या नोंदवहीत चौदा वर्षांत एकच आकडा खरा आहे, पहिला. तोच मी खोडला. टँकर इथं भरायचा नाही, साहेब. इथं आणून रिता करायचा.”